बारा सुया

सयाजीच्या वॉर्डातून घरी आले तेव्हा
हात होते, पण परगावी गेल्यासारखे.
आधी तळपायांत मुंग्या, मग गुडघ्यांत, मग मनगटांत,
आणि एका मंगळवारी
रावपुऱ्याच्या पोस्टात, खिडकी नंबर चारवर,
तारखेचा शिक्का गळून पडला;
तो पडल्याचं मला फक्त ऐकू आलं.

फिजिओवाली सांगून गेली, राजमा निवडा,
कणीक तिंबा, बटणं लावा, काढा, पुन्हा लावा.
दहा दिवस मी राजमा
या वाटीतून त्या वाटीत नेला, परत आणला.
अकराव्या दिवशी म्हटलं, एवढे कष्ट घ्यायचे
तर त्यातून अंगावर घ्यायला काहीतरी उरू दे.
भावाला पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली.

पदराशी विरलेल्या दोन सुती साड्या.
भावाचाच डेअरीतला निळा शर्ट, कॉलर उलटवून झालेला.
आणि माझ्या कॉलेजातल्या चणियाचा घेर.
आरसे कुणीतरी केव्हाच उसवून नेलेले,
त्यांच्या जागी कापड अजून
गोल गोल, गडद, नव्यासारखं.

टाका साधाच. धावदोरा.
खाली, वर. खाली, वर.
सुई ओवणं मात्र जमेना.
वरच्या मजल्यावरचा ध्रुमिल, नववीतला,
सायकलची किल्ली दातांत धरून
शाळेआधी बारा सुया ओवायचा, गाठी मारायचा,
साबणाच्या वडीत ओळीनं खोचून ठेवायचा.
‘मासी, आजे बार पूरी करजो.’
संध्याकाळी येऊन मोजायचा.
तीन रिकाम्या. चार. पुन्हा तीन.
एकदा एकच.
त्या दिवशी तो सुयांबद्दल काही बोलला नाही,
मांजा पाजलेली नवी फिरकी दाखवून गेला.

बोटाला टोचलेलं कळायचं नाही.
कापडावर लाल ठिपका उमटला की समजायचं.
मिठाचं पाणी लावून पाहिलं, फिका झाला, गेला नाही.
मग ध्रुमिलच्या आईनं, रमीलाबेननं,
तिची फाटकी बांधणी आणून दिली:
‘आमां शिवो. एक टपकुं वधारे, कोण गणे छे?’

उत्तरायणाला सगळं शहर गच्चीवर.
भोंगे, पिपाण्या, जिन्यात उंधियूचा वास,
भाऊही वर गेला, मला दोनदा विचारून.
साबणाच्या वडीत बाराही सुया रिकाम्या.
ध्रुमिलला आज कुठली आठवण!

खिडकीच्या उजेडात सुई धरली.
दोरा ओला केला, पिळला, नेला.
चुकला.
सुईचं भोक हलत होतं की मी,
ते ठरवण्यात बराच वेळ गेला.
चहा गार झाला. साय धरली.
तिसाव्या की चाळिसाव्या खेपेला
दोरा पलीकडे दिसला,
एवढासा, मान काढून.
मी श्वास न घेता त्याला ओढून घेतलं.
गाठ मारायला आणखी पंधरा मिनिटं.

आणि चौथ्या-पाचव्या टाक्याला
‘आई गं!’
तोंडातून आधी निघालं, मागाहून कळलं.
दुखलं होतं.
बोट उजेडात धरलं. तेच, तर्जनीचं टोक.
मुद्दाम पुन्हा टोचून पाहिलं.
पुन्हा दुखलं, स्वच्छ, नेमकं, टाचणीएवढं.
वर कुणीतरी ओरडलं, ‘काप्यो छे!’
मला वाटलं, माझ्याचसाठी.

गोधडी अजून अर्धीच आहे.
डावी बाजू वीतभर लांब झालीय,
सुरुवातीच्या टाक्यांत पायाचा अंगठा अडकतो.
जिन्याला काठी लागते.
पोस्टात हजर व्हायची तारीख
डॉक्टरांनी पेन्सिलीनं लिहिलीय.

ध्रुमिल रोज सकाळी येतो,
जीभ जराशी बाहेर काढून बारा सुया ओवतो,
‘आजे बार?’ विचारतो.
बघू, म्हणते.
त्याला अजून सांगितलेलं नाही.